कोंबडीला भरपाई, मग केळीला का नाही?

दादर स्टेशनबाहेर, लालबागच्या मार्केटात किंवा आमच्या परळच्या नाक्यावर एखाद्या हातगाडीसमोर उभं राहून विचारून बघा, ‘हे केळं कुठलं?’ केळेवाला आधी तुमच्याकडे नीट बघेल आणि मग म्हणेल, ‘केला है, और क्या!’ फारच खोदून विचारलंत तर ‘वेलची’ आणि ‘मोठं’ असे दोन प्रकार सांगेल. आंब्याचं असं नाही. देवगड की रत्नागिरी यावर आपण तासभर भांडू शकतो. पायरी, केशर, लंगडा ही नावं शाळकरी पोरांनाही ठाऊक असतात. केळ्याला मात्र ना गाव, ना नाव. डझनाचा भाव तेवढा असतो.

खरं तर गाव आहे. मुंबईत येणारं मोठं केळं बरंचसं जळगाव जिल्ह्यातलं असतं. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर. जिल्ह्यात चाळीस हजार हेक्टरांपेक्षा जास्त जमिनीवर केळी उभी असते. अलीकडे सोलापूरकडच्या करमाळा-टेंभुर्णी भागातलंही केळं येतं. आणि नावही आहे. ग्रँड नैन. शेतकरी ‘जी-नाइन’ म्हणतात. मूळ फ्रेंच नाव, अर्थ ‘मोठी बुटकी’. त्याआधी बसराई, श्रीमंती, महालक्ष्मी होत्या, नांदेडकडे अर्धापुरी. जुने मुंबईकर जिला ‘हरी छाल’ म्हणतात तीही त्यांच्यातलीच. ही सगळी एकाच घराण्याची लेकरं आणि घराण्याचं नाव कॅव्हेंडिश. लंडनच्या दुकानात, दुबईच्या मॉलमध्ये जे केळं विकलं जातं, त्याचं आणि भारतमाता टॉकीजसमोरच्या गाडीवरच्या केळ्याचं रक्त एकच आहे. म्हणून कोलंबियात केळीला काय झालं, ही बातमी लालबागच्या गाडीचीही बातमी असते. आपण ती तशी वाचत नाही, एवढंच.

आपण वाचतो ते दुसरंच. दर दोन-तीन वर्षांनी मोबाइलवर एक निरोप फिरतो, ‘केळं जगातून नामशेष होणार!’ ही आरोळी जुनी आहे. २००३ साली एका इंग्रजी विज्ञान साप्ताहिकानं दहा वर्षांत केळं संपेल असं छापलं होतं. दहा गेली, वीस गेली, केळं आहे तिथंच आहे. मग लोक दोन टोकं धरतात. एक तर घाबरतात, नाही तर हसून सोडून देतात. दोन्हींचा शेतकऱ्याला उपयोग शून्य. केळं जगातून जाणार नाही. पण एखाद्या तालुक्यातून, एखाद्या नदीकाठातून केळी उठू शकते, आणि तिच्याबरोबर त्या तालुक्याचं सगळं अर्थकारण. असं याआधी झालेलं आहे.

थोडं मागून सांगते.

वर्गात मुलांना मी कधीतरी विचारते, केळ्याला बी का नसते? पेरूला असते, सीताफळाला तर खाताना वैताग येईल इतक्या असतात, मग केळ्याला का नाही? एखादा हुशार पोरगा म्हणतो, मधे काळे ठिपके असतात, त्याच बिया. बरोबर आहे त्याचं. ते ठिपके म्हणजे बीच्या राहून गेलेल्या खुणा. आपल्या केळ्यात गुणसूत्रांचे दोन नव्हे, तीन संच असतात. दोनाच्या जोड्या लागतात, तिनाच्या लागत नाहीत, म्हणून बी धरत नाही. बी असलेली केळी कशी असते ते बघायचं असेल तर पावसाळ्यात सह्याद्रीत जावं. कड्याच्या कपारीत रानकेळ उगवते, कुठे तिला कवदर म्हणतात, कुठे चवई. तिच्या फळात गर थोडा आणि दगडासारख्या काळ्या बिया जास्त. माणसानं हजारो वर्षांपूर्वी बिनबियांची झाडं निवडून जपली, म्हणून तुम्ही-आम्ही केळं सोलून थेट खाऊ शकतो.

पण बी नाही म्हणजे नवं लेकरू नाही. केळीच्या बुंध्याशी पील फुटतं, ते काढून दुसरीकडे लावायचं. आता प्रयोगशाळेत उतीसंवर्धनानं रोपं करतात, एका कोंबापासून हजारो. दोन्ही पद्धतींत जे उगवतं ते आईची हुबेहूब नक्कल. हुबेहूब म्हणजे गोडी तीच, उंची तीच, घड निसवण्याचा काळही तोच, आणि दुखणंही तेच. ज्या रोगापुढे एक झाड हात टेकतं, त्याच्यापुढे शिवारातली सगळी झाडं हात टेकतात.

शंभर वर्षांपूर्वी अमेरिका-युरोपात विकलं जाणारं केळं कॅव्हेंडिश नव्हतं. त्याचं नाव ग्रो मिशेल. जाड सालीचं, प्रवासात न चेंगरणारं, आणि ज्यांनी खाल्लंय ते सांगतात की आताच्या केळ्याहून चवदार. मध्य अमेरिकेत जंगलं तोडून कंपन्यांनी त्याचे मैलोगणती मळे लावले. तिथं मातीतून एक बुरशी आली. फ्युजेरियम तिचं नाव, आणि पनामात तिनं धुमाकूळ घातला म्हणून रोगाचं नाव पनामा. आपल्याकडे कृषी खात्याच्या पत्रकांत त्याला ‘मर’ म्हणतात. शब्द नेमका आहे. बुरशी मुळातून शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्या बुजवून टाकते. मातीत ओल असते आणि झाड तहानेनं मरतं. खालची पानं पिवळी पडतात, देठाशी मोडतात आणि खोडाभोवती परकरासारखी लोंबतात. खोड आडवं कापलं तर आत तांबूस-तपकिरी डाग दिसतात. फवारणी चालत नाही, कारण रोग पानावर नसून नळीत असतो. आणि झाड उपटून जाळलं तरी बुरशीचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं, काही ठिकाणी तर पिढीभर, दबा धरून बसतात.

कंपन्यांनी त्यावर काय केलं? एक मळा मेला की सोडून दिला आणि पुढचं जंगल तोडलं. १९६० च्या सुमाराला तेही परवडेनासं झालं तेव्हा कॅव्हेंडिशकडे वळल्या, कारण तिला तो रोग लागत नव्हता. तिचा इतिहास मजेदार आहे. १८३० च्या दशकात इंग्लंडच्या एका ड्यूकच्या काचघरात त्याचा माळी जोसेफ पॅक्स्टन यानं मॉरिशसहून आलेलं रोप वाढवलं आणि मालकाचं आडनाव त्या केळीला चिकटलं. जाता जाता आणखी एक नावाची गोष्ट, उर्दूच्या बाईला ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. केळीला शास्त्रात ‘मूसा’ म्हणतात, आणि ते अरबीतल्या ‘मौज’ या शब्दावरून आलं असं मानतात. लिनियसनं तिला नाव दिलं त्यात स्वर्गही आणला, ‘मूसा पॅराडिसियाका’. कुरआनात जन्नतच्या वर्णनात ‘तल्ह’ नावाचं झाड येतं. बऱ्याच भाष्यकारांनी त्याचा अर्थ केळ असा लावला, काहींनी बाभळीच्या जातीचं झाड असा. रमजानात इफ्तारच्या ताटात खजुराशेजारी केळं ठेवताना आमच्या घरी हा वाद हमखास निघतो.

असो. कॅव्हेंडिशनं जग वाचवलं असं तीसेक वर्षं वाटलं. मग त्याच बुरशीचा नवा अवतार निघाला, जो कॅव्हेंडिशलाच मारतो. शास्त्रज्ञ त्याला टीआर-४ म्हणतात. १९९० च्या दशकात त्यानं मलेशिया-इंडोनेशियातले नवे मळे बसवले. १९९७ मध्ये तो ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात सापडला, २०१३ मध्ये जॉर्डन आणि मोझांबिकमध्ये, २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोलंबियात. कोलंबियानं राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. पुढे २०२१ मध्ये पेरू आणि २०२३ मध्ये व्हेनेझुएला.

आता आपल्याकडे या. जगातली सगळ्यात जास्त केळी भारत पिकवतो, चौथा हिस्सा तरी आपला. बिहारच्या कटिहार आणि पूर्णिया जिल्ह्यांत कॅव्हेंडिश केळी मरायला लागली आणि तपासणीत टीआर-४ निघाला. मग उत्तर प्रदेशात फैजाबादकडे. त्यानंतर शास्त्रज्ञांच्या नोंदींत गुजरातमधलं सुरत आलं आणि मध्य प्रदेशातलं बऱ्हाणपूर आलं.

बऱ्हाणपूर म्हटल्यावर आम्हा उर्दूवाल्यांना मुमताज महल आठवते, कारण ती १६३१ साली तिथंच वारली. जळगावच्या शेतकऱ्याला मात्र बऱ्हाणपूर म्हटलं की भाव आठवतो. तिथल्या बाजार समितीत सकाळी केळीचा काय दर निघाला यावर रावेर-यावलचा दिवस ठरतो. दोन्ही गावांत अंतर वीस-पंचवीस किलोमीटरचं. मधे राज्याची सीमा आहे, पण ती कागदावर. घड कापणाऱ्या टोळ्या या बाजूच्या त्या बाजूला जातात, टेम्पो जातात, ट्रॅक्टर जातात, सोयरीक होते, पाहुणे येतात. आणि तापी बऱ्हाणपूरवरून वाहत जळगाव जिल्ह्यात उतरते. ही बुरशी बुटाच्या तळव्याला चिकटलेल्या चिखलातून जाते, कुदळीच्या पात्यावरून जाते, पाण्याच्या पाटातून जाते, बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या पिलातून जाते. आता सांगा, हिला अडवायचं कुणी आणि कुठल्या नाक्यावर?

माझं म्हणणं असं की तिला अडवू शकणारा माणूस एकच आहे. ज्याच्या बागेत पहिलं झाड पिवळं पडलं, तो शेतकरी. त्यानं त्या दिवशी तोंड उघडलं तर एक कोपरा जाईल. त्यानं तोंड मिटून ठेवलं तर शिवार जाईल. आणि आज आपण अशी व्यवस्था करून ठेवली आहे की तोंड मिटून ठेवण्यातच त्याचा फायदा आहे.

हे मी पुस्तकी बोलत नाही. जळगावात २०२० च्या पावसाळ्यात एक रंगीत तालीम होऊन गेलीय. रोग वेगळा होता, मर नव्हे. कुकुंबर मोझॅक विषाणू, खानदेशात ज्याला हरण्या म्हणतात. मावा हा किडा तो पसरवतो. काकडी, भोपळा, टोमॅटो अशा कितीतरी पिकांवर तो वस्ती करतो. ढगाळ हवा, सततचा पाऊस, कोवळी रोपं. पानांवर पिवळे पट्टे आले, पोंगा सडला. रावेर-यावलच्या शेतकऱ्यांनी हजारो रोपं उपटून बांधावर टाकली. एकरी दीड हजाराच्या आसपास रोपं बसतात, ती विकत आणलेली, खड्डे, शेणखत, ठिबक, मजुरी वेगळीच.

आमच्या शाळेत एक शिक्षिका आहेत, माहेर यावल तालुक्यातलं. त्या वेळी शाळा ऑनलाइन होत्या, फोनवर बोलणं व्हायचं. त्यांच्या भावाच्या बागेत हरण्या शिरला होता. मी भाबडेपणानं म्हटलं, ‘ताई, कृषी खात्याला कळवलं का त्यांनी?’ त्या म्हणाल्या, ‘अहो, कळवून काय मिळतं? गावात बभ्रा होतो. शेजारचा म्हणतो तुझ्यामुळे माझ्याकडे आला. आणि व्यापाऱ्याच्या कानावर गेलं की उरलेल्या चांगल्या मालालाही तो भाव पाडून मागतो. दादानं रात्री उपटली रोपं.’ रात्री. हा एक शब्द माझ्या डोक्यात तेव्हापासून बसलाय. चोरी केल्यासारखं स्वतःच्या शेतातलं स्वतःचं झाड रात्री उपटायचं.

बरं, हरण्या मातीत राहत नाही. रोपं उपटली, तण काढलं, मावा आवरला की पुढच्या हंगामात नवी लागवड करता येते. टीआर-४ मध्ये रात्री उपटलेलं झाड बांधावर टाकलं की बुरशी बांधावरून पाटात आणि पाटातून शेजाऱ्याकडे. आणि ती जमीन कॅव्हेंडिशसाठी गेली ती गेलीच.

यावर कुणी म्हणेल, विमा आहे ना. आहे. हवामानावर आधारित फळपीक विमा योजना. तिच्या नावातच उत्तर आहे. तापमान ठरावीक आकड्याच्या वर गेलं, खाली उतरलं, वारा अमुक वेगानं सुटला, गारपीट झाली, तर भरपाई. खानदेशातला उन्हाळा बघता ती हवीच, तिला माझी ना नाही. पण रोग हा त्यातला निकष नाही. ऊन लागून बाग करपली तर ती विम्यात बसते. बुरशीनं मेली, आणि शेतकऱ्यानं प्रामाणिकपणे खबर दिली, तर त्यासाठी आधीपासून लिहून ठेवलेला हक्क नाही. कधी मदत जाहीर होते, नाही असं नाही. पण ती खास बाब म्हणून. पंचनामे, निवेदनं, मोर्चे आणि विधानसभेतल्या लक्षवेधी झाल्यावर, वर्ष-सहा महिन्यांनी. अशा मदतीच्या भरवशावर कुणी पहिल्या दिवशी तोंड उघडत नाही.

कोंबडीचं काय केलं होतं ते आठवा. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू निघाला. देशातली पहिली साथ, आणि तीही खानदेशाच्याच कोपऱ्यात. त्या भागातल्या लाखो कोंबड्या सरकारनं मारून पुरल्या. पोल्ट्रीवाल्यांना पक्ष्यामागे भरपाई दिली. ती पुरेशी होती का, वेळेवर मिळाली का, यावर तेव्हाही तक्रारी होत्या. पण तत्त्व ठरलं की तुझ्या खुराड्यातला रोग हा सगळ्यांचा धोका आहे, म्हणून तुझा माल आम्ही नष्ट करतो आणि त्याचे पैसे देतो. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा दगावलेल्या जनावरांसाठी राज्यानं मदत दिली. कोंबडीला, गाईला जे तत्त्व लागू होतं ते केळीला का नाही? झाड ओरडत नाही म्हणून?

ऑस्ट्रेलियात २०१५ साली क्वीन्सलँडच्या टली खोऱ्यात, म्हणजे त्यांच्या रावेरमध्येच म्हणा, टीआर-४ सापडला. तिथल्या केळी उत्पादकांच्या संघटनेनं सरकारी पैशाच्या मदतीनं ती पहिली बाधित बागच विकत घेऊन बंद करून टाकली. आजूबाजूच्या मळ्यांवर येणाऱ्या प्रत्येकाचे बूट आणि गाड्यांची चाकं धुण्याची शिस्त लावली. रोग पुढे सरकला, पण रांगत सरकला. ऑस्ट्रेलिया श्रीमंत देश आहे, त्यांचे शेतकरी मोजके, आपले हजारो आणि तेही दोन-चार एकरवाले, हे मला मान्य आहे. सगळ्या बागा विकत घ्या असं मी म्हणतही नाही. पण पहिल्या झाडाची, पहिल्या गुंठ्याची किंमत मोजायला किती लागतं? साथ पसरल्यावर जिल्ह्याला मदत देण्यापेक्षा नक्कीच कमी.

दुसरा आक्षेप मी आधीच ऐकलाय: ‘लोक खोटे रोगी दाखवून पैसे उकळतील.’ सरकारी शाळेत खिचडीपासून गणवेशापर्यंत प्रत्येक योजनेला हाच आक्षेप घेतात. उत्तर तेच. तपासा. टीआर-४ ची खात्री प्रयोगशाळेत होते, डोळ्यांनी नव्हे, त्यामुळे खोटेपणा उलट कठीण आहे. जळगावला केळी संशोधन केंद्र आहे, नांदेडला आहे, तिरुचिरापल्लीला १९९३ पासून केळीचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. नमुना उचलून आठवड्यात निकाल देणारी सोय रावेर-यावलच्या जवळ हवी. नमुना तिरुचिरापल्लीला जाऊन येईपर्यंत पाटाचं पाणी थांबत नाही.

कायद्याचीही ओरड नको. नाशकारी किडी-रोगांचा कायदा इंग्रजांनी १९१४ मध्ये केला, तो आहे. देशांतर्गत रोपबंदीच्या जुन्या यादीत केळीच्या मोझॅक रोगासाठी महाराष्ट्र आणि गुजरात यांची नावं आहेत. इथली केळीची रोपं बाहेरच्या राज्यात नेऊ नयेत असा त्याचा अर्थ. रावेरच्या किती शेतकऱ्यांना हे माहीत असेल? बंदी करणारा कागद जुना आहे, भरपाई देणारा कागद अजून लिहायचा आहे. उलट्या क्रमानं काम झालं असतं तर बंदीही पाळली गेली असती.

औषध निघालेलं नाही का? लखनौच्या संशोधन संस्थांनी ट्रायकोडर्मा या उपकारक बुरशीवर आधारित ‘फ्युजिकॉन्ट’ नावाचा उपाय तयार केला आणि उत्तर प्रदेश-बिहारमध्ये वापरला. तैवानमध्ये शास्त्रज्ञांनी उतीसंवर्धनातूनच रोगाला बऱ्यापैकी तोंड देणारी कॅव्हेंडिश निवडून काढली. ऑस्ट्रेलियात प्राध्यापक जेम्स डेल यांनी रानकेळीतलं एक जनुक कॅव्हेंडिशमध्ये घातलं आणि २०२४ च्या फेब्रुवारीत तिथल्या सरकारनं त्या केळीला परवानगी दिली. त्या काळ्या बियांच्या, कुणी न खाणाऱ्या रानकेळीच्या भाऊबंदांतूनच औषध सापडावं याचं मला भारी कौतुक वाटतं. पण यातलं काहीच उद्या सकाळी चिनावलच्या शेतकऱ्याच्या हातात पडणारं नाही. तोपर्यंत स्वच्छ रोप, धुतलेले बूट आणि वेळेवर दिलेली खबर, एवढंच हातात आहे.

आता आपला, म्हणजे मुंबईकरांचा हिशोब. जळगावचा शेतकरी एकच वाण का लावतो? कारण व्यापारी तेच मागतो, आणि व्यापारी तेच मागतो कारण आपल्याला सारख्या लांबीचं, सारख्या पिवळ्या रंगाचं, एकही ठिपका नसलेलं केळं हवं असतं. निर्यातीलाही तेच लागतं. जळगावच्या केळ्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०२१ च्या जूनमध्ये तांदलवाडीचं केळं त्या शिक्क्यासह दुबईला गेलं, आनंदच आहे. पण एका वाणावर जिल्हा उभा करणं ही चैन आहे, आणि तिचं बिल कधीतरी येतं. आयर्लंडमध्ये १८४५ नंतर बटाट्याचं तेच झालं होतं.

आपल्या बाजारात एकच केळं होतं असंही नाही. गिरगाव-दादरच्या जुन्या घरांत विचारा. वसईवाल्या बाया टोपलीतून वेलची आणायच्या, तांबडी केळी आणायच्या, राजेळी आणायच्या. राजेळी वाळवून आगाशीकडे सुकेळी करतात, ती मधासारखी लागते. केळफुलाची भाजी करणाऱ्या घरांत कुठल्या केळीचं फूल कडू आणि कुठलं गोड हे माहीत असायचं. वसईच्या वाड्यांवर इमारती चढल्या, विहिरी खारावल्या आणि ती टोपली रोडावत गेली. वेलची अजून मिळते, पण मोठ्या केळ्याच्या दुपटीनं महाग, म्हणून ती आता सणासुदीची झाली. मध्यमवर्गानं महिन्यातून चारदा ती घ्यावी असं माझं मत आहे. गरिबानं घ्यावी असं म्हणण्याचा मला अधिकार नाही. ज्याचं दुपारचं जेवण म्हणजे वडापाव आणि दोन केळी, त्याला जैवविविधतेचा उपदेश करू नये.

कारण केळं ही मुळात गरिबाची वस्तू आहे, आणि म्हणून तर मी या विषयावर एवढं बोलतेय. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरलं, अंडं न खाणाऱ्याला केळं. पहिल्या दिवशी आमच्याकडे अंडं खाणाऱ्यांनीही केळं मागितलं, काहींना दोन्ही हवं होतं. २०२५ च्या जानेवारीत सरकारनं त्याचा निधी थांबवला. केळं महाग झालं तर पहिला फटका कुणाला बसतो हे त्या रांगेत उभं राहिल्यावर कळतं. श्रावणात, नवरात्रात, रमजानात भाव चढतो तेव्हा लालबागचे उपासवाले आणि मदनपुऱ्यातले रोजेदार एकाच आवाजात कुरकुरतात. ती कुरकुर पाच-दहा रुपयांची असते.

या विषयाचं रूपक करायचा मोह मला झाला नाही असं नाही. मी मुसलमान, शिकवते उर्दू आणि मराठी. एकाच वाणाची बाग कशी मरते आणि मिश्र बाग कशी तगते, यावरून समाजावर झकास भाषण ठोकता येईल. टाळ्याही पडतील. पण यावलला एक माणूस रात्री बॅटरीच्या उजेडात रोपं उपटतो तेव्हा त्याला आपल्या रूपकाचं काय करायचं? त्याच्यावर कर्ज आहे, ते खरं असतं.

म्हणून मागणी साधी ठेवावी. फळपीक विम्याचा शासन निर्णय निघतो, त्यात केळीखाली तापमानाचे आणि वाऱ्याचे रकाने असतात. त्यांच्या खाली आणखी एक रकाना हवा: प्रयोगशाळेनं पक्का केलेला मर रोग, खबर पहिल्यांदा देणाऱ्याला झाडामागे पूर्ण भरपाई, आणि त्या जमिनीत पुढची काही वर्षं दुसरं पीक घेण्यासाठी मदत. केळी विकास महामंडळाच्या घोषणा जळगावकरांनी ऐकल्या आहेत. महामंडळ येईल तेव्हा येवो, हा रकाना त्याच्याआधी भरता येतो. जळगावचे आमदार-खासदार पक्ष कुठलाही असो, केळीवर बोलतातच. मुंबईचे बोलत नाहीत, कारण आपण त्यांना विचारत नाही. लालबाग-परळ-गिरगावात निवडणुकीला पत्रकं वाटायला जी पोरं दारात येतात, त्यांना एकदा विचारून बघा, तुमच्या साहेबांना टीआर-४ माहीत आहे का. मी विचारलं होतं. त्यानं मोबाइल काढला आणि म्हणाला, ‘बाई, स्पेलिंग सांगा.’